क्रोमवाल्या दादाचं नाक

पूल उतरून रस्ता सरळ झाला आणि धाकटी पुन्हा थांबली. थोरला भाऊ दोन पावलं पुढे गेला होता, तो मागे वळला.

"आता काय? पाय दुखायला लागले? म्हटलं होतं ना, तू बसने जा म्हणून."

"पायांना काय धाड भरलीय माझ्या. दादा, त्या समोरच्या बेकरीकडे बघ. काही येतंय का तुला?"

बेकरीच्या दारात भट्टीतून नुकत्याच काढलेल्या पावांचे ट्रे एकावर एक रचले होते. रस्त्याच्या या कडेपर्यंत असा वास सुटला होता की पोट भरलेल्या माणसालाही भूक लागावी. दादाने मान जराशी वाकडी केली, तोंडी परीक्षेला उभ्या राहिलेल्या पोरासारखं तिकडे पाहिलं आणि म्हणाला, "हो तर. मस्त खरपूस वास येतोय."

"येतोय?"

"न यायला काय झालं? पाव दिसतायत समोर. वाफ निघतेय. मग वास येतच असणार की."

धाकटीने कपाळाला हात लावला. म्हणजे हे असं चाललं होतं. इतकी वर्षं, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.

मघाशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंनी दादाच्या उजव्या नाकपुडीत दिव्याची बारीक नळी घातली, तेव्हा धाकटी बाजूच्या स्टुलावर पर्स मांडीवर घेऊन बसली होती. उजेड उजव्या नाकपुडीत गेला आणि डाव्या नाकपुडीतून बाहेर दिसला. भिंतीला भोक असावं आणि पलीकडच्या खोलीतला दिवा दिसावा, तसा. "देवा रे," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

"मधला पडदा आरपार गेलाय," डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या. "आजचं नाही हे, फार जुनं आहे. काय काम करत होतात, आजोबा?"

"क्रोम प्लेटिंग."

"वास येतो?"

"नाही."

"कधीपासून?"

"माझी लेक रांगत होती तेव्हापासून."

जेवलात का म्हणून विचारल्यावर 'हो, आत्ताच' म्हणावं, तितक्या सहज तो हे बोलला. ती रांगणारी लेक आता स्वतः सासू व्हायच्या वयाला आलीय. आणि सख्ख्या बहिणीला आज, त्या स्टुलावर बसून, हे कळत होतं. डॉक्टरीणबाई पुढेही बरंच बोलल्या. गॅस, धूर, नासलेलं अन्न, यातलं काही यांना कळणार नाही, एकटे राहत असतील तर विचार करा, असं म्हणाल्या. धाकटीच्या कानावर सगळं पडलं, पण आत उतरलं नाही. तिला तो नाकपुडीतला उजेडच दिसत राहिला.

तिथून घरापर्यंत चालतच जायचं, हे दादाने ठरवलं. तो नेहमीच चालतो. बसमध्ये माणसं बाहेर बघत बसतात, बोलणं चालताना होतं, असं त्याचं म्हणणं. आज बोलायचं होतंच. कारण संध्याकाळी लेकीचा फोन येणार होता, आणि त्या फोनवर दादाचं सगळं लटकलं होतं.

परवा जे झालं, ते ऐकून लेक फोनवर रडलीच होती. मग डोळे पुसून ती आत्याला म्हणाली, "हे बघ आत्या, बाबांना विचारण्यात अर्थ नाही. ते म्हणणार मी ठणठणीत आहे. डॉक्टरांकडे तू सोबत जा. परत आल्यावर तू मला सांग, बाबा एकटे राहू शकतात की नाही. तू हो म्हणालीस तर हो. तू नाही म्हणालीस तर रविवारी मी गाडी घेऊन येते, घर बंद करते, आणि त्यांना इकडे आणते. तो खिडकीजवळचा उद्योगही बंद."

तो उद्योग म्हणजे दादाचं टेबल.

दादा तरुणपणी क्रोमच्या कारखान्यात चिकटला आणि निवृत्त होईपर्यंत तिथून हलला नाही. नळाच्या तोट्या, सायकलींची हँडलं, गाड्यांचे बंपर, काय वाटेल ते त्याच्या टाकीत काळवंडलेलं जायचं आणि बाहेर यायचं ते चंद्रासारखं. कारखान्यात त्याला सगळे 'आरसा' म्हणत. त्याच्या हातचा तुकडा असला की त्यात बघून भांग पाडता यायचा. रस्त्याने चालताना तो मध्येच एखाद्या जुन्या सायकलीपाशी थांबायचा, हँडलवर अंगठा फिरवायचा आणि म्हणायचा, "माझं आहे." सायकलवाला घाबरायचा.

निवृत्तीच्या दिवशी जावयाने त्याला गमतीने एक खोका दिला. आत प्लास्टिकची सुटी सुटी गाडी, आपली आपण जोडायची. "सासरेबुवांनी जन्मभर क्रोम केलं, म्हणून भरपूर क्रोमवाली गाडी शोधून आणली," असं जावई सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाला. दादाने त्यातला इवलासा बंपर चिमटीत धरून उजेडाकडे नेला आणि त्याचं तोंडच पडलं.

"हे क्रोम?" तो म्हणाला. "कुणी सांगितलं तुम्हाला? ही ॲल्युमिनियमची वाफ आहे. प्लास्टिकवर फुंकर मारून बसवल्यासारखी. हिच्यावर गोंद धरायचा नाही. तुकडे ज्या प्लास्टिकच्या फ्रेमला चिकटून येतात, तिच्यातून एखादा कापला की कापल्या जागी पांढरा घाव दिसणार. साच्याची शिवण दिसतेय ती वेगळीच. हे उतरवायलाच पाहिजे."

जावई बिचारा ओशाळला. पण दादाला त्या दिवशी म्हातारपणाचं काम मिळालं.

त्याने पहिल्यांदा ते कसं केलं, हे धाकटीने डोळ्यांनी पाहिलेलं. झाकणाच्या काचेच्या बरणीत कपडे धुवायचं ब्लीच ओतलं आणि तिच्यात चकचकीत तुकड्यांची फ्रेम सोडली. बघता बघता ती सगळी चमक गेली. सोललीही नाही, तळाशी साचलीही नाही, नुसती विरली. खाली उरलं ते पिवळट वार्निश माखलेलं करडं प्लास्टिक. एखाद्याच्या अंगावरचे दागिने कुणी भर रस्त्यात उतरवून न्यावेत, तसं काहीतरी वाटलं तिला.

"चांगली वस्तू का रे नासवतोस?"

"नासवत नाही, वेडे. आत काय आहे ते बघतोय. ही जाळी बघ. केवढी बारीक कोरलीय कुणीतरी. त्या चकाकीत सगळी बुडून गेली होती."

मग तो स्पिरिटमध्ये जुना टूथब्रश बुडवून वार्निश काढायचा, पोलादाचा मंद रंग द्यायचा, वर पेन्सिलीच्या शिशाची पूड बोटाने चोळायचा. आणि तो बंपर खरोखरच पाऊसपाणी खाल्लेल्या, मालकाने जिवापाड जपलेल्या गाडीचा वाटायला लागायचा. हळूहळू ही बातमी पसरली. खेळण्यांच्या दुकानदाराकडून, दुसऱ्या हौशी म्हाताऱ्यांकडून पुड्या यायला लागल्या. "काका, एवढं क्रोम उतरवून द्या." वहिनी गेली त्या वर्षीसुद्धा पुड्या येत राहिल्या, आणि दादा उठून टेबलापाशी बसत राहिला, म्हणून तर तो टिकला. हे धाकटीला ठाऊक होतं. लेकीला तितकंसं ठाऊक नव्हतं.

परवाच्या सकाळी धाकटी नेहमीसारखी त्याला दूध द्यायला गेली. देवाचं नाव घेत जिना चढण्याची तिची जुनी सवय. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर नाव तोंडातच राहिलं. नाकात कुणी सुया खुपसाव्यात असा झणका आला, डोळ्यांतून पाणी, घशात आग. वास दादाच्या दाराखालून येत होता. पदर नाकाला लावून तिने किल्लीने दार उघडलं, तर खिडक्या गच्च बंद, आणि दादा टेबलापाशी निवांत बसून टूथब्रशने कसलीशी जाळी घासतोय! डोळे गुंजेसारखे लाल. खोकला थांबत नाहीये. समोरच्या बरणीतून हिरवट पिवळं काहीतरी निघतंय.

त्याने मान वर केली आणि म्हणाला, "आलीस? चहा टाक ना. आज जरा सर्दीच झालीय मला."

धाकटीला पुढचं नीट आठवत नाही. तिने त्याच्या सदऱ्याची कॉलर धरली आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसाला फरफटत जिन्यात आणलं, एवढं खरं. जिन्यातही तो विचारत होता, "अगं, झालं काय? आग लागली का? चष्मा तरी घेऊ दे!" शेजारच्या शिक्षकाने नाकाला ओला टॉवेल बांधून खिडक्या उघडल्या. दवाखान्यात त्याला ऑक्सिजनवर ठेवलं, दुसऱ्या दिवशी घरी सोडलं आणि म्हणाले, नाक दाखवून या, नाकाच्या आत काहीतरी विचित्र दिसतंय.

काय झालं होतं, ते त्याने नंतर सांगितलं. स्पिरिट संपलं होतं. वार्निश काही केल्या जाईना. कारखान्यात बिघडलेला माल आला की क्रोम उतरवायला तो ॲसिडच्या टाकीत सोडायचे. हाताला तेच वळण. संडास साफ करायचं ॲसिड होतं घरात, त्याने झाकणभर घेतलं आणि ब्लीचच्याच बरणीत ओतलं. खिडक्या बंद, कारण वारा आला की बारके तुकडे उडतात.

"शाळेतल्या पोरालाही कळतं रे, या दोन बाटल्या एकत्र करायच्या नसतात," आता लाकडाच्या वखारीवरून जाताना धाकटी म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "आणि समजा हात चुकला. पण तो वास! मी जिन्यात कोलमडले. तू तिथे नाक लावून बसला होतास!"

"कारखान्यात डोक्यावर मोठा पंखा असायचा," दादा म्हणाला. "आणि मुकादमाला नाक होतं. त्याला वास आला की तो शिट्टी मारायचा, आम्ही बाहेर पळायचो. मी शिट्टीची वाट बघत राहिलो असेन."

तो हसला. धाकटी हसली नाही.

"मला हे सांग, भोक पडेपर्यंत तुला कळलं कसं नाही?"

"कळलं ना. सगळ्यांनाच कळायचं. नवा माणूस टाकीवर आला की थोड्या दिवसांनी टाकीच्या वाफेने त्याचं नाक फुटायचं. रक्त यायचं. मग खपली धरायची, पुन्हा रक्त. पहिलं रक्त आलं की जुने लोक त्याला चहा पाजायचे. म्हणायचे, झाला पक्का, आता हा आपला. माझं आलं तेव्हा सगळ्या पाळीने टाळ्या वाजवल्या होत्या." तो सांगता सांगता रंगात आला. "एक जण तर असा वल्ली होता, एका नाकपुडीतून दोरा घालायचा आणि दुसरीतून ओढून काढायचा! सुईत ओवल्यासारखा! आम्ही पोट धरधरून हसायचो."

धाकटी चालायची थांबली. बसथांब्याचा कट्टा समोर होता, त्यावर ती मटकन बसली. तिला तो दोरा दिसला. त्या दोऱ्याभोवती उभी असलेली, टाळ्या वाजवणारी तरुण पोरं दिसली, आणि त्यांत दादा, मिसरूड फुटलेला, हसून हसून डोळ्यांत पाणी आलेला.

"तुम्ही हसायचात?"

"मग काय रडायचं?" दादा शेजारी बसला. "आमच्या दृष्टीने ती खूण होती. सुताराचं बोट तुटकं असतं, आमचं नाक. वास गेलेला मात्र मी कुणाला सांगितलं नाही."

"का?"

"आधी वाटलं सर्दी आहे, जाईल. मग लाज वाटली. आंधळ्याला लोक हात धरून रस्ता ओलांडून देतात. नाक गेलेल्याला काय देणार? हसतील नुसते. तूच हसली असतीस. म्हणाली असतीस, बरं झालं, आता सगळ्यांच्या भानगडीत नाक खुपसणार नाहीस."

हे मात्र ती खरंच म्हणाली असती. तिला हसू आलं आणि त्याच श्वासात रडूही आलं. पदराने डोळे टिपून ती म्हणाली, "वहिनीला तरी?"

समोरून एक बस आली, दोन माणसं उतरली, बस गेली.

"एकदा ती टेबलावर फुलं ठेवत होती. मी मागून आलो, म्हटलं, काय सुरेख वास आहे फुलांना! ती कागदाची होती. तिनेच बनवलेली, लेकीच्या शाळेसाठी. मला काय माहीत! लांबून हुबेहूब दिसत होती. तिने माझ्याकडे असं बघितलं... पण बोलली काही नाही. मीही नाही. आणि दुसऱ्या दिवसापासून तिचं ते सुरू झालं."

"काय सुरू झालं?" असं विचारता विचारताच धाकटीला ते आठवलं.

वहिनीच्या त्या सवयीवरून सगळं घर तिची थट्टा करायचं. बाई सतत वास बोलून दाखवायची. "अगंबाई, खाली कुणाचं तरी दूध करपलं वाटतं." "नवा साबण लिंबाचा आहे हो, छान आहे." "तुमचा सदरा घामेजलाय, तो नका घालू आज." "आज कपाटातून लाकडाचा काय मस्त वास येतोय." बोलणं दुसऱ्याच विषयावर चाललेलं असायचं आणि ही मध्येच वास सांगायची. धाकटीने तिचं नाव 'बातमीदार' ठेवलं होतं. वहिनी हसायची आणि पुढची बातमी द्यायची. एकदाही म्हणाली नाही की, मी हे तुमच्यासाठी सांगत नाहीये.

"तिला माहीत होतं," धाकटी पुटपुटली. "दादा, तिला सगळं माहीत होतं."

"असेल. मी सांगितलं नाही, तिने विचारलं नाही. तेवढ्यात आमचं भागलं." त्याने गुडघ्यांवर हात ठेवले. "ती गेली तेव्हा भेटायला येणारे म्हणायचे, घर कसं सुनं सुनं झालं. मला सुनं नाही वाटलं गं, रेडिओ असतो, पुड्या असतात. पण घराला कसलाच वास उरला नाही. एका दिवसात गेला. ब्लीचमध्ये टाकल्यासारखा."

धाकटीने त्याचा हात धरला. त्याच्या बोटांच्या टोकांवर पेन्सिलीच्या शिशाची राखाडी चकाकी होती, दवाखान्यात धुवूनही न गेलेली. दोघं उठली. शाळेच्या भिंतीकडेने चालत ती गल्लीच्या तोंडाशी आली. धाकटी मनातल्या मनात नाव घेत होती, आणि देवाला विचारत होती की संध्याकाळी त्या पोरीला मी काय सांगू. हो म्हणावं तर परवासारखं पुन्हा झालं तर? नाही म्हणावं तर ते टेबल, ती बरणी, त्या पुड्या सगळं उचलून कुठल्यातरी खोक्यात जाणार, आणि दादा लेकीच्या नीटनेटक्या घरातल्या सोफ्यावर बसून बाहेर बघत राहणार, बसमधल्या माणसासारखा.

जिना चढताना दोघांनाही धाप लागली. दुसऱ्या मजल्यावर पोचले तर आतून फोनची घंटी ऐकू येत होती. लेकीला दम निघाला नव्हता. धाकटीने घाईघाईने किल्ली काढली, पण दादाने तिच्या मनगटावर हात ठेवला.

"वाजू दे. पुन्हा करेल ती. आधी माझं ऐक."

"दादा, खोटं बोलायला सांगू नकोस हं मला."

"खोटं नाहीच बोलायचं. भोकाचं सांग, ॲसिडचं सांग, दोऱ्याचंही सांग हवं तर. तुझ्या तोंडून खोटं वदवलं तर तुझा देव मलाच धरेल." त्याने दम घेतला. "ॲसिडची बाटली आज जाईल. खिडकी उघडी राहील. तुकडे उडाले तर रांगत शोधीन. ते सगळं मी बघतो. पण एक मला जमणार नाही, ते तू कर."

आत घंटी थांबली. जिन्यात एकदम शांत झालं.

"दूध घेऊन येतेसच रोज. आलीस की लगेच आत घुसू नकोस. इथे उंबऱ्यात उभी राहा, नाक वर कर, आणि घरात कशाचा वास येतोय ते मला सांग. गॅस असेल, जळकं असेल, काही नासलं असेल, जे असेल ते. एवढं करशील? मग तिला हो म्हण. नाहीतर नाही म्हण, माझी तक्रार नाही." त्याने मनगट सोडलं, दाराकडे तोंड केलं, आणि मग जरा खालच्या आवाजात म्हणाला, "आणि नुसते वाईटच सांगून जाऊ नकोस, धाकटे. चांगला असेल तर तोही सांगत जा. ती सांगायची."